ठगाच्या जबानीतून कादंबरी : कर्नल मेडोज टेलर यांची लेखनशिस्त

प्रत्यक्ष घडलेल्या गुन्ह्यांवरून कादंबरी रचण्याचा विचार मराठवाड्याच्या संदर्भात करावयाचा झाल्यास प्रथम कर्नल फिलिप मेडोज टेलर (१८०८–१८७६) यांचे नाव घ्यावे लागते. आजचा जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. टेलर यांच्या काळी हा मुलूख निजामाच्या राज्यात मोडत होता. जालना, औरंगाबाद व हिंगोली ही त्यातील लष्करी ठाणी होती. या राज्याच्या नोकरीत टेलर १८२४ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी दाखल झाले.

तरुणपणी त्यांच्याकडे तुळजापूरच्या बाजूचे पोलीस काम होते. ठगांविषयीची कुजबुज तेथेच त्यांच्या कानी आली. परंतु तपास हाती येण्यापूर्वी त्यांना पलटणीत परत बोलावण्यात आले. ही खंत त्यांनी आत्मचरित्रात नोंदविली आहे. पुढे १८३२ मध्ये सागरहून निजामाच्या मुलखात पाठविलेल्या माफीच्या साक्षीदारांपैकी एकाशी त्यांची गाठ पडली. आपला ७१९ खुनांत हात असल्याचे तो सांगत असे. त्याच्या कथनातून १८३९ मध्ये ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही इंग्रजी कादंबरी सिद्ध झाली. त्यातील गुन्हे बहुतांशी खरे असून केवळ ते जोडण्यापुरती कल्पना वापरली आहे, असा प्रस्तावनेतील दावा आहे.

हा दावा तपासून पाहण्यासारखा आहे. कादंबरीत अमीर अली बोलतो आणि साहेब बहुतेक वेळ ऐकतो. प्रवाशांशी सलगी, सोबतीचे आमिष, इशारा, रुमालाचा फास, प्रेत पुरणे, लुटीची वाटणी हा क्रम पुन्हा पुन्हा येतो, आणि प्रत्येक वेळी स्थळ, माणसांची संख्या व ऐवज यांची नोंद असते. ही जबानी टिपून घेणाऱ्या अधिकाऱ्याची सवय होय. याउलट, ज्या इस्माईलने अमीरच्या आईबापांना मारले त्यानेच त्याला पोटच्या मुलासारखे वाढविणे आणि अमीरने अजाणता सख्ख्या बहिणीचा जीव घेणे, या रचनेत कादंबरीकाराचा हात स्पष्ट दिसतो. पापाची परतफेड इतकी नेमकी होणे कथेला हवे असते. तपासाच्या कागदांत ती क्वचितच आढळावी.

टेलर यांच्या लेखनशिस्तीविषयीही थोडे सांगणे आवश्यक आहे. ‘टिपू सुलतान’ (१८४०) नंतर ‘तारा’ (१८६३) प्रसिद्ध होईपर्यंत तेवीस वर्षे त्यांची एकही कादंबरी आली नाही. या काळात सुरपूरचा व १८५३ पासून नळदुर्गचा कारभार त्यांच्याकडे होता. त्यातील बराच काळ ते लंडनच्या ‘टाइम्स’साठी वार्तापत्रेही लिहीत. १८६० मध्ये निवृत्त झाल्यावर मात्र ‘तारा’, ‘राल्फ डार्नेल’ (१८६५) व ‘सीता’ (१८७२) या कादंबऱ्या आल्या. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांच्या शिस्तीहून ही शिस्त अगदी निराळी. पहिलीत रोजच्या लेखणीला खंड नाही. दुसरीत अहवाल आणि वार्तापत्रे यांच्या रूपाने साहित्य साठत राहते.

खरा प्रश्न पुढे आहे. स्थानिक इतिहास लिहिताना अमीर अलीचे बोलणे पुरावा म्हणून वापरण्याचा मोह होतो. परंतु त्यामागचा साक्षीदार फाशी टळावी म्हणून बोलत होता. १८३६ च्या कायद्याने तर ठगांच्या टोळीत असणे हाच जन्मठेपेचा गुन्हा ठरला. त्यामुळे कोणाला ठग म्हणावे, हे बहुतांशी अशा साक्षीदारांच्या जिभेवर आले. किम वॅग्नर यांनी २००७ च्या आपल्या ग्रंथात या जबान्या सावधपणे, पण पूर्णतः न टाकता वाचून दाखविल्या आहेत. टेलर यांची वर्णने स्लीमन यांच्या ‘रामसियाना’शी (१८३६) जुळतात, एवढ्यावरून ती सिद्ध होत नाहीत, कारण दोहोंचा उगम माफीच्या साक्षीदारांतच आहे.