कन्फ्यूशस परंपरा व लोकशाही (कोरिया)

कन्फ्यूशस (इ. स. पू. ५५१–४७९) याच्या शिकवणुकीवर उभी राहिलेली राज्यनीती व आधुनिक लोकशाही यांचा संबंध. येथे मुख्यतः कोरियाचा विचार केला आहे.

मूळ ग्रंथांत मतदान नाही, प्रतिनिधिगृहही नाही. याच परंपरेतील विचारवंत मेन्सियस याने मात्र प्रजेला पहिले व राजाला शेवटचे स्थान दिले. जुलमी राजाला ठार मारणे हा राजवध नव्हे, असेही तो सांगतो. मिंग सम्राट होंगवूच्या आज्ञेने १३९४ मध्ये मेन्सियसच्या ग्रंथातील ८५ उतारे गाळण्यात आले. या विचाराची धार सत्तेने ओळखली होती.

कोरियाच्या जोसन राजवटीने (१३९२–१९१०) सत्तेला टोकण्याच्या या विचाराला कचेऱ्यांचे रूप दिले. सागानवॉन राजाच्या चुका दाखवी, तर साहॉनबू अधिकाऱ्यांवर नजर ठेवी. दरबारी इतिवृत्तकारांची टिपणे राजाला पाहता येत नसत. १४०४ मध्ये शिकार करताना राजा तेजोंग घोड्यावरून पडला आणि हे इतिवृत्तकाराला कळू देऊ नका, असे त्याने बजावले. इतिवृत्तात त्याचे पडणे नोंदले आहे आणि हे बजावणेही.

सेजोंग राजाने १४३० मध्ये नव्या जमीन-महसुलाबद्दल अधिकारी व रयत यांचा कौल घेतला. ९८,६५७ अनुकूल, ७४,१४९ प्रतिकूल. दक्षिणेतील सुपीक प्रांत बाजूने होते, उत्तरेतील हलक्या जमिनीचे विरोधात. बहुमत असूनही राजाने घाई केली नाही. जमिनीच्या ६ व पिकाच्या ९ प्रती ठरवून १४४४ मध्ये पद्धत पक्की झाली. याला सार्वमत म्हणावे का, याबद्दल मतभेद आहेत. विरोधकांचे म्हणणे अंतिम आखणीत उतरले, हे अधिक मोलाचे.

जोसन काळात सोंगग्युन्ग्वान या राजविद्यालयाचे विद्यार्थी निषेधासाठी भोजनगृहावर बहिष्कार टाकीत. आधुनिक काळात, २५ एप्रिल १९६० रोजी, सोलचे प्राध्यापक सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरले. दुसऱ्या दिवशी दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी राजीनामा जाहीर केला. विद्वानाने सत्तेला टोकावे, ही जुनी अपेक्षा येथे जिवंत दिसते. पुढे पार्क चुंग-ही यांच्या राजवटीने त्याच परंपरेतील निष्ठा व पितृभक्ती आज्ञाधारकतेसाठी वापरली. पाश्चात्त्य लोकशाही आशियाई संस्कृतीला मानवत नाही, या सिंगापूरचे नेते ली क्वान यू यांच्या युक्तिवादाला कोरियन नेते किम दे-जुंग यांनी १९९४ मध्ये मेन्सियसच्याच आधारे उत्तर दिले. १९९८ मध्ये किम दक्षिण कोरियाचे अध्यक्ष झाले.

स्त्रिया : या परंपरेशी जोडली जाणारी पुरुष कुटुंबप्रमुखाची कायदेशीर पद्धत दक्षिण कोरियाच्या घटनात्मक न्यायालयाने २००५ मध्ये घटनाविसंगत ठरवली, २००८ मध्ये ती संपली.