पारेषण-नियंत्रक : दोषनिदान व बदल

पारेषण-नियंत्रक हा स्वयंचलित गिअरबॉक्स असलेल्या मोटारगाडीतील इलेक्ट्रॉनिक घटक असून, कोणत्या क्षणी कोणता गिअर पडावा, तेलाचा दाब किती ठेवावा आणि टॉर्क कन्व्हर्टरमधील क्लच केव्हा जखडावा, हे तो ठरवितो. गॅरेजात त्याला टीसीएम किंवा नुसते ‘गिअरबॉक्सचे मॉड्यूल’ म्हणतात. जनरल मोटर्सने १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांत आणलेल्या हायड्रामॅटिक गिअरबॉक्सपासून पुढे कित्येक वर्षे हे काम स्प्रिंगा, झडपा, गव्हर्नर आणि तेलाचा दाब यांच्याच स्वाधीन होते. १९८० नंतरच्या काळात ते क्रमाक्रमाने संगणकाच्या हाती गेले आणि गिअरबॉक्सच्या तपासात पान्याच्या जोडीला मल्टिमीटर व स्कॅनर आले.

हा घटक स्वतः काही पाहत नाही. आत शिरणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या शाफ्टांची गती, तेलाचे तापमान, निवड-दांड्याची जागा आणि ॲक्सिलरेटरवरील पायाचा भार या सर्वांच्या वार्ता त्याला संवेदकांकडून व इंजिनाच्या नियंत्रकाकडून मिळतात, आणि त्यांवर विसंबून तो सोलेनॉइड झडपांना हुकूम सोडतो. म्हणूनच, तलाठ्याच्या दप्तरातील नोंद चुकली की मामलेदाराचा निवाडा जसा निर्दोष बुद्धीनेही सदोष होतो, तसा एखाद्या संवेदकाचा खोटा दाखला मिळाला की संपूर्ण शाबूत असलेला नियंत्रकही चुकीचा गिअर टाकतो. निकामी ठरवून काढलेल्या नियंत्रकांपैकी पुष्कळ या अन्यायाचे बळी असतात. यास्तव नियंत्रक बदलणे हा पहिला इलाज न मानता, अन्य सर्व शक्यतांची रुजवात झाल्यानंतर उरणारा इलाज मानावा, असे आग्रहाने सांगणे येथे आवश्यक आहे.

दोषाची लक्षणे गाडीच्या वर्तनात स्पष्ट दिसतात. गिअर बदलताना झटका बसतो, गिअर पडण्यास विलंब लागतो, इंजिनाचा वेग वाढतो पण गाडी ओढत नाही, किंवा गाडी एकाच गिअरमध्ये अडकून राहते. या शेवटच्या अवस्थेस लिंप मोड म्हणतात, आणि ती बिघाडाची असली तरी संरक्षणाची तजवीज आहे : गंभीर विसंगती आढळताच नियंत्रक सोलेनॉइडांचा पुरवठा तोडतो आणि गाडी घरापर्यंत पोहोचविण्यापुरते यांत्रिक गिअर शिल्लक राहतात. मर्सिडीजच्या १९९६ पासून वापरात आलेल्या ७२२.६ या पाच गतींच्या गिअरबॉक्समध्ये ते दुसरा व रिव्हर्स हे असतात.

स्कॅनरने वाचलेला दोषसंकेत हा तपासाचा आरंभ होय. पी०७०० या संकेताचा अर्थ एवढाच, की गिअरबॉक्सच्या बाजूने काही तक्रार नोंदली गेली असून तिची कैफियत खुद्द पारेषण-नियंत्रकाच्या स्मृतीत जाऊन वाचावी. यू०१०१ हा संकेत त्या नियंत्रकाशी संपर्क तुटल्याचे सांगतो. परंतु जळालेला फ्यूज, सैल कपलर किंवा उंदराने कुरतडलेली वायर यांनीही संपर्क तुटतोच, हे घाईत विसरले जाते. पी०६१३ हा मात्र नियंत्रकाच्या स्वतःच्या प्रक्रियकाविषयी आहे, आणि तो पुसूनही पुन्हा पुन्हा उमटत असेल, तर संशयाचा रोख खरोखर नियंत्रकाकडे वळतो.

यानंतरचा क्रम विजेचा. विश्रांतीत असलेल्या निरोगी बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट भरावयास हवा. तो ढासळलेला असेल तर पुढील सर्व मापने व्यर्थ होत. नियंत्रकाच्या कपलरवर पुरवठा व अर्थिंग तपासताना नुसता मल्टिमीटर लावून समाधान मानू नये, कारण एका तंतूवर लोंबकळणारी वायरही मल्टिमीटरला पूर्ण व्होल्ट दाखविते. तेथे बल्बचा भार देऊन दाब टिकतो की नाही हे पाहावे. नियंत्रकांचा परस्परांशी संवाद कॅन या दोन वायरींच्या मार्गावर चालतो, आणि त्याच्या दोन टोकांस १२० ओहमचे एकेक रोधक असल्यामुळे बॅटरी सोडवून मोजले असता ६० ओहमच्या जवळपासचा आकडा मिळावयास हवा. १२० मिळाले तर एक टोक तुटलेले आहे, शून्याजवळ मिळाले तर दोन्ही वायरी एकमेकींस भिडल्या आहेत. सोलेनॉइडांच्या वेटोळ्यांचा रोध तर कधीही वगळू नये : एखादे वेटोळे शॉर्ट असेल तर त्यानेच जुन्या नियंत्रकातील ट्रान्झिस्टर जाळलेला असण्याचा संभव असतो, आणि ते तसेच ठेवून बसविलेला नवा नियंत्रकही त्याच वाटेने जातो.

वर उल्लेखिलेला ७२२.६ गिअरबॉक्स या विषयाचे जणू अभिजात उदाहरण आहे, आणि तो असलेल्या ई-क्लास गाड्या पुण्यात जुळविल्या गेल्यामुळे महाराष्ट्रातील कारागिरांनाही तो परिचित आहे. त्याच्या कवचावर तेरा पिनांचा कपलर ज्या प्लॅस्टिकच्या नळकांड्यात बसतो, त्याची रबरी कडी उष्णतेने कडक झाली की गिअरबॉक्सचे तेल कपलरमध्ये झिरपते. ते तेथेच थांबत नाही. वायरीतील तांब्याच्या तारांमधल्या सूक्ष्म फटींतून केशाकर्षणाने वर चढत चढत ते इंजिनकक्षातील पेटीत, खालच्या गिअरबॉक्सपासून इतक्या अंतरावर बसविलेल्या नियंत्रकाच्या आतल्या फलकापर्यंत जाऊन पोहोचते. मग गतिसंवेदकांच्या तक्रारी उमटतात, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अडकते, आणि मालकाला नव्या मॉड्यूलचा मोठा खर्च सांगितला जातो. वस्तुतः नियंत्रकाचा कपलर काढून पिनांवर बोट फिरविले तरी तेलाचा माग लागतो. अल्प किमतीचे ते नळकांडे बदलून, कपलर व फलक संपर्क-स्वच्छकाने धुऊन कोरडे केले असता असे अनेक नियंत्रक पुन्हा चालू लागतात. गतिसंवेदक गिअरबॉक्सच्या आतील वाहक-पट्टीवरच बसविलेले असून ही पट्टीही वारंवार निकामी होते, म्हणून तिची परीक्षा नियंत्रकाच्या आधी व्हावयास हवी. तेलाची पातळीही पाहावी. या गिअरबॉक्सला मालकासाठी डिपस्टिक दिलेली नसल्याने ती कारागिराजवळच्या स्वतंत्र पट्टीने, ठराविक तापमानावर मोजतात, आणि हे कष्ट टाळण्याकडे सर्वत्र कल दिसतो.

इतके करूनही पुरवठा, अर्थिंग, संवाद व संवेदक निर्दोष ठरले आणि दोष कायम राहिला, तरच बदल करावा. नवीन घटकाचा भाग-क्रमांक जुन्याशी ताडून घ्यावा, कारण बाह्यतः सारख्या दिसणाऱ्या दोन नियंत्रकांतील आज्ञावली भिन्न इंजिनांसाठी भिन्न असते. जुना घटक बोलता असेल तर त्याच्यातील संकेतन प्रथम वाचून ठेवावे. बॅटरीचे ऋण टोक सोडवून, हातावरील स्थिरविद्युत जमिनीत उतरवून मगच कपलर काढावा. बसविण्याचे काम बहुधा अल्पावधीचे असते. खरी जबाबदारी त्यानंतर येते. नव्या घटकात आज्ञावली भरणे आणि इंजिन, डिफरन्शियलचे गुणोत्तर, टायरचा आकार यांनुसार त्याचे संकेतन करणे, हे स्कॅनरचे काम होय, आणि त्या वेळी बॅटरीला बाहेरून स्थिर पुरवठा जोडणे अनिवार्य आहे. आज्ञावली अर्ध्यावर असताना दाब घसरला तर कोरा करकरीत नियंत्रक जागीच निरुपयोगी होऊ शकतो. शेवटी जुने अनुकूलन पुसून, तेल ऊन झाल्यावर, हलक्या पायाने सर्व गिअरांतून गाडी चालवावी लागते. त्या फेरीत क्लच भरण्यास लागणारा काळ व दाब नियंत्रक नव्याने शिकतो, म्हणून प्रारंभीचे किंचित कठोर झटके बिघाड समजू नयेत.

अलीकडील अनेक गिअरबॉक्सांत नियंत्रक झडप-फलकाशी एकजीव करून तेलातच बुडवून ठेवलेला असतो. मर्सिडीजचा सात गतींचा ७२२.९ हा त्यांपैकीच, आणि त्यातील नियंत्रक चोरीविरोधी बंदोबस्ताचा भाग असल्यामुळे मोडीतील गाडीतून काढलेला नुसता बसवून चालत नाही. भारतात बहुसंख्येने वापरात असलेल्या एएमटी, म्हणजे साध्या गिअरबॉक्सचे क्लच व गिअर यंत्राकरवी चालविणाऱ्या, गाड्यांत क्लच झिजल्याची आणि नियंत्रक बिघडल्याची लक्षणे पुष्कळ अंशी सारखी असतात. तेथे क्लचची झीज आधी पाहावी, आणि क्लच नवा घातला तर स्कॅनरने त्याची ओळख नियंत्रकास करून द्यावी.