पुकारलेला पैसा : दौलतजादाची कुळकथा

तमाशातल्या संगीत बारीच्या थिएटरात पुढच्या रांगेतला कुणी बसल्या जागेवरून नोट उंच धरतो. चालू लावणी थांबत नाही. पार्टीतली दुसरी बाई रंगमंचाच्या कडेला येते, नोट घेते, वाकून नाव विचारते, कोणती लावणी हवी ते ऐकून घेते आणि साथीदारांकडे जाते. मग नाव आणि रक्कम सगळ्यांना ऐकू जाईल अशी पुकारली जाते, 'दौलतजादा' म्हटलं जातं, नोट मालकिणीच्या हवाली होते आणि फर्माइशीची लावणी सुरू होते. ती अर्ध्यावर असताना दुसऱ्या कुणी त्याहून मोठी नोट धरली, तर हातातली सोडून त्याची धरावी लागते. सातारा-सांगलीच्या पट्ट्यात जत्रेतला तमाशा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. या व्यवहाराकडे आपण आजवर दोन नजरांनी पाहत आलो. शौकिनाला ती कलेची कदर वाटते, सुधारकाला तो बाजार वाटतो. दोघांच्याही नजरेतून एक साधी गोष्ट सुटते. दौलतजादा ही पैसे मोजण्याची आणि त्यांची नोंद ठेवण्याची रीत आहे. ही नोंद कागदावर होत नाही, शेदोनशे माणसांच्या कानांवर होते. माझं म्हणणं असं की या रीतीची कुळकथा म्हणजे ही नोंद कुणाच्या ताब्यात राहिली त्याची कथा आहे. चारचौघांच्या कानांवरून ती बंद खोलीत गेली, खोलीतून बारच्या गल्ल्यावर गेली, आणि प्रत्येक पायरीला नाचणाऱ्या बाईची बाजू लंगडी होत गेली.

नावापासूनच पाहायचं तर ते फारसी वळणाचं आहे. 'तुमची दौलत वाढो' हा घेणाऱ्याने देणाऱ्याला दिलेला दुवा आहे आणि तोच पुढे रिवाजाचं नाव झाला. पेशवाईत कलावंतिणीला आणि शाहिराला मिळायची ती बिदागी. ती किती द्यायची, रोख द्यायची की वस्त्र द्यायचं, हे सगळं धन्याच्या मर्जीवर. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात होनाजी, सगनभाऊ, परशराम यांची लावणी भरभराटीला आली ती या मर्जीच्याच आश्रयाने. तिथे पुकारा करण्याचं कारण नव्हतं, कारण देणारा एकच होता आणि त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं. 1818 साली पेशवाई बुडाली, 1848 साली साताऱ्याचं राज्यही खालसा झालं, आणि एका धन्याच्या जागी अनेक छोटे धनी आले. गावचे पाटील, इनामदार, पेठेतले व्यापारी, पुढे मुंबईच्या गिरण्यांतले कामगार. एकाच कनातीखाली पन्नास जणांच्या खिशात पैसे असतील तर कोणत्या पैशाने कोणती लावणी आली हे जाहीर करावंच लागतं, नाहीतर भांडणं होतील. पुकाऱ्याचं महत्त्व या गरजेतून वाढलं असावं. हा माझा तर्क आहे, पण दरबारी बिदागी आणि फडातला दौलतजादा यांतला फरक दुसऱ्या कशाने नीट उलगडत नाही. बिदागी मैफल संपल्यावर मिळते, एकरकमी मिळते. दौलतजादा लावणीगणिक मिळतो, आणि बहुतेकदा लावणीच्या आधी.

याच सातारा-सांगलीच्या भागातून पैसे घेण्याची आणखी एक तऱ्हा निघाली, ती शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहे. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 1843 साली 'सीतास्वयंवर' हे नाटक केलं ते तिथले संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने. 1851 साली चिंतामणराव गेले, आश्रय आटला, मंडळी गावोगाव हिंडू लागली आणि 1853 साली मुंबईत तिकीट लावून खेळ झाले. म्हणजे धनी गेल्यावर नाटकाने तिकिटाची वाट धरली आणि तमाशात लावणीगणिक पैसा घेण्याची रीत रुजली. तिकिटात पूर्ण रात्रीची किंमत एकदाच ठरते आणि पैसा खिडकीवर, म्हणजे कंपनीच्या मालकाकडे जातो. नटाला पगार मिळतो. दौलतजादात किंमत दर लावणीला नव्याने ठरते आणि पैसा आधी बाईच्या हाताला लागतो, मग मालकिणीकडे जातो. तमाशाच्या दुसऱ्या प्रकाराने, ढोलकी फडाने, पुढे तिकीट आणि जत्रेची सुपारी हे दोन्ही मार्ग आपलेसे केले. कवलापूरच्या काळू-बाळूंचा फड लोक वगासाठी आणि विनोदासाठी पाहायला जात. तिथे एकेका लावणीच्या पैशावर डोलारा उभा नव्हता. लावणीगणिक पैसा टिकून राहिला तो मुख्यतः संगीत बारीत, जिथे बाईचं गाणं आणि अदा हाच सगळा ऐवज.

गाणं हे मोजमाप धरण्याची कल्पना आपल्याकडचीच आहे असं नाही. 1920 च्या दशकात अमेरिकेतल्या शहरांत टॅक्सी डान्स हॉल होते. पॉल क्रेसी या समाजशास्त्रज्ञाने शिकागोतल्या हॉलांवर 1932 साली पुस्तकच लिहिलं. गिऱ्हाइकाने दारात दहा-दहा सेंटची तिकिटं घ्यायची आणि दर नाचाला एक तिकीट मुलीच्या हातात ठेवायचं. रात्र संपली की मुलगी तिकिटं मोजून द्यायची आणि त्यातला निम्मा पैसा तिला मिळायचा. आज तिथल्या स्ट्रिप क्लबांतही खासगी नाचाचा दर बहुतेकदा गाण्यावर असतो, आतल्या खोलीचा घड्याळावर. किती गाणी झाली यावरून गिऱ्हाइकाशी वाद होतात, म्हणून मोजायला क्लबचा माणूस उभा असतो, आणि पुष्कळ ठिकाणी नाचणारीलाच क्लबला रात्रीची फी द्यावी लागते. टॅक्सी डान्सवालीपाशी निदान तिकिटाचा कागद होता. आजच्या क्लबात मोजणाराही मालकाचा आणि हिस्सा कापणाराही मालकच. आपल्या पुकाऱ्यात मोजणारं सगळं थिएटर असतं. परदेशाचा दाखला मला या एका फरकासाठी हवा होता.

यावर पहिला आक्षेप येतो की पुकारा बाईच्या सोयीसाठी नव्हताच. तो देणाऱ्याच्या बडेजावासाठी होता. पाटलाचं नाव गाजावं, शेजारच्या गावच्या पाटलाने चढी नोट काढावी, एवढाच त्याचा अर्थ. हे खरं आहे, आणि माझा मुद्दा त्यानेच पक्का होतो. देणाऱ्याला आपलं नाव आणि आपली रक्कम अचूक ऐकायची असते. पन्नासाचे वीस पुकारले तर तो जागेवरच उसळेल. म्हणजे त्याच्या अहंकारामुळे हिशेबाची तपासणी आपोआप होते, आणि ज्या बाईला लिहिता-वाचता येत नसेल तिलाही रात्रीअखेर आपल्या लावण्यांवर काय जमलं याचा अदमास असतो. मालकिणीने वाटणी करताना तिला फसवलं तर साक्षीला ढोलकीवाला असतो, पेटीवाला असतो. रीत कुणाच्या हौसेतून निघाली हे पाहून तिचा उपयोग ठरत नाही.

बैठकीत मात्र हे सगळं गळून पडतं. बैठक म्हणजे थिएटरच्या आवारातल्या खोलीत किंवा कुणाच्या वाड्यावर चार-दोन जणांसमोर झालेली खासगी मैफल. कलेच्या दृष्टीने बैठकीची लावणी ही फडाच्या लावणीपेक्षा कितीतरी नाजूक. बसून गायची, एकच ओळ पुन्हापुन्हा घेऊन दर खेपेला चेहऱ्याने आणि हाताने तिचा निराळा अर्थ दाखवायचा. सातारा जिल्ह्यातल्या वाईच्या यमुनाबाई वाईकरांनी ही कला ज्या उंचीवर नेली तिला तोड नाही. 1915 साली वाईत जन्मलेल्या, रस्त्यावर खेळ करून पोट भरणाऱ्या कोल्हाटी समाजातल्या या बाईंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, 2012 साली पद्मश्री मिळाली, आणि 2018 साली, शंभरी ओलांडल्यावर त्या गेल्या. प्राज्ञपाठशाळेच्या आणि विश्वकोशाच्या गावाने त्यांचं नावही तितक्याच अभिमानाने घेतलं पाहिजे. पण बैठकीचा व्यवहार वेगळा आणि तो झाकलेला. ओळ दहादा घ्यायची तर गाण्यावर दर लावता येत नाही. म्हणून तो वेळेवर जातो आणि आधी मालकिणीशी ठरतो. त्यात खोलीचे किती, साथीदारांचे किती आणि बाईचे किती हे बाहेर ऐकू येत नाही. वर मिळालेला पैसा गाण्याचा की आणखी कशाच्या अपेक्षेचा, हेही तिथेच धूसर होतं. म्हणजे जिथे कला सर्वांत सूक्ष्म तिथेच हिशेब सर्वांत अंधारात. ही गोष्ट मला या कुळकथेतली सर्वांत दुखरी वाटते.

दुसरा आक्षेप याहून जड आहे आणि तो याच मातीतल्या माणसाच्या निमित्ताने घेतला गेला. पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, 1866 साली रेठरे हरणाक्षला जन्मले. गाव वाळवा तालुक्यातलं, तेव्हा सातारा जिल्ह्यात, आज सांगलीत. हा ब्राह्मण शाहीर आणि त्याच्या फडातली महार समाजातली पवळा यांनी तमाशाला अमाप लोकप्रियता मिळवून दिली. महाडच्या सत्याग्रहासाठी बापूरावांनी तमाशाच्या खेळांचं उत्पन्न देऊ केलं आणि आमच्या बायका नाचवून मिळालेला पैसा नको म्हणून बाबासाहेब आंबेडकरांनी तो नाकारला, अशी हकीकत सांगितली जाते. तिच्यातला प्रश्न थेट आहे. नाचायला बसवलेली बाई विशिष्ट जातीची आणि नोट धरणारा हात बहुतेक वेळा वरच्या जातीचा असेल, तर हिशेब स्वच्छ असून काय उपयोग? शर्मिला रेगे यांनी 1995 साली लावणी कलावंतांवर लिहिलेला निबंध आणि शैलजा पाईक यांचं 2022 सालचं पुस्तक याच प्रश्नाला भिडतात. किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' या आत्मकथनात तर दिसतं की मुलीच्या घुंगरांवर सगळं घर बसून खातं, आणि 'चिरा' या नावाखाली तिच्या देहाचाच सौदा घरचे करतात. या आक्षेपाला पुरतं उत्तर माझ्यापाशी नाही आणि असल्याचा आव आणणार नाही. पुकारा बाईने कमावलं किती एवढंच सांगतो. तिच्याकडे उरलं किती हे तो सांगत नाही, आणि तिला दुसरं काही करण्याची मुभा होती का, हे तर त्याला विचारताच येत नाही. तरीही एक गोष्ट उरते. ज्या अन्यायाचा हिशेब उघडा असतो त्याच्याशी झगडता येतं. काळे यांचं पुस्तक अंगावर येतं तेही कुणी किती घेतलं हे त्यात मांडलेलं आहे म्हणून.

तिसरी पायरी डान्स बारची. मुंबई-पनवेलच्या बारमध्ये दौलतजादाचा देह राहिला आणि प्राण गेला. गिऱ्हाईक बारमधूनच सुट्या नोटांची पुडकी घ्यायचं आणि उधळायचं. नाव नाही, फर्माइशीचा मान नाही. प्रत्येकीच्या नावे जमलेलं 'कलेक्शन' पहाटे गल्ल्यावर मोजलं जायचं आणि मालकाचा हिस्सा कापून उरलेलं तिला मिळायचं. कायद्यानेही दोन्हींना एकाच दावणीला बांधलं होतं. ज्या 1960 च्या परवाना नियमांखाली हे बार चालत, त्या नियमांच्या नावातच कॅबरे, मेळे आणि तमाशे एका ओळीत आहेत. 2005 साली गृहमंत्री आर. आर. पाटील, तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आबा, यांनी डान्स बारवर बंदी आणली. नाट्यगृहं, जिमखाने आणि तीन तारांची किंवा त्याहून वरची हॉटेलं तेवढी वगळली. उच्च न्यायालयाने ही बंदी 2006 साली रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली तो निर्णय कायम ठेवला. 2016 साली नवा कायदा आला आणि 17 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याचीही छाननी केली. त्या निकालात नोटा उधळण्यावरची बंदी न्यायालयाने राखली. पण टीप फक्त बिलात जोडावी, बाईच्या हातात देऊ नये, ही अट काढून टाकली. लेखी करार आणि बँकेच्या खात्यावर मोबदला या गोष्टी मान्य केल्या आणि मासिक पगाराची सक्ती उडवली. हा निकाल अश्लीलतेवरचा म्हणून वाचला गेला. माझ्या लेखी तो हिशेबावरचा आहे. उधळलेली नोट कुणाची हे सांगता येत नाही. बिलात गेलेली टीप मालकाच्या वहीत जाते. हातात दिलेली नोट तेवढी देणाऱ्याची आणि घेणारीची. न्यायालयाने नकळत दौलतजादाच्या जुन्या रूपाला जागा करून दिली.

आबांच्या बाजूने बोलणारे म्हणतील की पोरं बारमध्ये घरदार उधळून बसत होती, त्यांना वाचवणं सरकारचं काम होतं. उधळपट्टीची काळजी खोटी नव्हती. पण बंदीने झालं काय, तर गल्ल्यावरचा हिशेब आणखी खोल तळघरात गेला आणि बाई त्यासोबत गेली. उधळण थांबवायची तर पैसा पुन्हा नावानिशी आणि मोजून देण्याच्या रिवाजावर आणणं हा जास्त धडधाकट उपाय होता, आणि तो आपल्या तमाशात तयार पडलेला होता.

आज बारमधल्या नर्तकीला कायद्याने लेखी करार मागता येतो. संगीत बारीतल्या बाईची बोली अजून तोंडीच असते. म्हातारपणी ती वृद्ध कलावंतांच्या सरकारी मानधनासाठी अर्ज करते तेव्हा तिच्याकडून कलेच्या कारकिर्दीचे पुरावे मागितले जातात. जिची कमाई वीस-तीस वर्षं रोज रात्री सगळ्यांच्या देखत पुकारली गेली, तिच्या हातात त्यातलं एक चिटोरंही नसतं. थिएटरला परवाना देतानाच अशी अट घालता येईल की रात्रीचा दौलतजादा आणि बैठकीची ठरलेली रक्कम वहीत नावानिशी उतरवायची, वाटणीसमोर बाईची सही किंवा अंगठा घ्यायचा आणि तिला नक्कल द्यायची. त्याला नवा कायदा लागत नाही, 1960 च्या नियमांत चार ओळी घातल्या तरी पुरे.