चाकांवरचं बिऱ्हाड: मोटरहोमची शंभर वर्षांची गोष्ट

(हे आपल्या एपिसोडचं लेखी रूप. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जवळपास जसंच्या तसं.)



आज थेट गोष्टीलाच सुरुवात करू. तारीख २१ ऑगस्ट १९१५. न्यूयॉर्क राज्यातलं हंटिंग्टन नावाचं गाव. रोलंड कॉन्क्लिन नावाचे एक उद्योगपती बायकामुलांना घेऊन फिरायला निघालेत. कुठे? देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, सॅन फ्रान्सिस्कोला. पनामा कालवा नुकताच सुरू झाला होता आणि त्या निमित्ताने तिथे मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं.

आता यात विशेष काय? विशेष होती त्यांची गाडी. कॉन्क्लिनसाहेबांची स्वतःची बस बनवणारी कंपनी होती. त्यांनी तिथेच कुटुंबासाठी एक खास गाडी तयार करून घेतली. २५ फूट लांब, ८ टन वजनाची. आत स्वयंपाकघर, रेल्वेसारखे झोपायचे बर्थ, विजेचे दिवे, त्यासाठी गाडीतच जनरेटर, घडी होणारं टेबल, लपवलेलं पुस्तकांचं कपाट, फोनोग्राफ. आणि टपावर चक्क बाग! वर्तमानपत्रांनी अक्षरशः डोक्यावर घेतलं.

लक्षात घ्या, १९१५ मध्ये अमेरिकेत रस्ते म्हणजे काय होते? न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को जोडणारा लिंकन हायवे दोनच वर्षांपूर्वी, १९१३ मध्ये जाहीर झाला होता. लांबी ३,३८९ मैल, म्हणजे साडेपाच हजार किलोमीटरच्या आसपास. पण 'हायवे' हे नाव जास्त आणि रस्ता कमी. बराचसा भाग मातीचाच. पाऊस पडला की चिखल. त्यात ८ टनांचं धूड घेऊन जायचं म्हणजे हौसच पाहिजे! पण ही मंडळी पोहोचली. आज आपण ज्याला आरव्ही किंवा मोटरहोम म्हणतो, त्याची बऱ्याच अमेरिकनांना पहिली ओळख या गाडीने करून दिली.

आणि गाडीचं नाव काय होतं माहितीये? 'जिप्सी व्हॅन'.

या नावापाशी जरा थांबू. आपल्या भाषेत एक म्हण आहे, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. ही म्हण आपण कौतुकाने वापरत नाही. ज्याला एका जागी टिकता येत नाही, ज्याचा सगळा संसार सोबत फिरतो, त्याच्याबद्दल बोलताना वापरतो, आणि आवाजात थोडी कीव असते. मग तेच बिऱ्हाड चाकांवर चढवलं की ते 'फ्रीडम' कधीपासून झालं?

ज्यांना जिप्सी म्हटलं गेलं, ते रोमा लोक. त्यांची भाषा इंडो-आर्यन, म्हणजे मराठीचीही लांबची नातलग. शेकडो वर्षं युरोपातल्या एकेका राज्याने त्यांना हाकलून लावलं. त्यातल्या अनेकांना आज 'जिप्सी' हा शब्द अपमानाचा वाटतो. तर ज्यांना कुणी थांबू दिलं नाही त्यांचं नाव, ज्यांच्याकडे हंटिंग्टनला ऐसपैस घर होतं त्यांच्या गाडीला लागलं.

माझ्या मते मोटरहोमचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो: तुम्ही निघालाय स्वतःच्या मर्जीने, की निघावं लागलंय म्हणून? गाडी तीच असते. समोरचा माणूस तुमच्याकडे कसा बघतो, ते मात्र या उत्तरावर ठरतं.

चला, पुढे जाऊ.

कॉन्क्लिनसारखी गाडी सगळ्यांना परवडणारी नव्हती, पण फोर्डची मॉडेल टी परवडायला लागली. १९०८ मध्ये साधारण ८५० डॉलरला मिळणारी ही गाडी १९२० च्या दशकाच्या मध्यात ३०० डॉलरच्या खाली आली. मग काय, शिक्षक, शेतकरी, कारकून, सगळेच तंबू आणि स्टोव्ह गाडीला बांधून निघाले. १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात अशा लोकांनी एक क्लबच काढला, 'टिन कॅन टूरिस्ट्स'. सोबत डबाबंद खाणं, आणि गाडीच्या रेडिएटरवर खूण म्हणून एक पत्र्याचा डबा! रस्त्यात डबा दिसला की ओळखायचं, हा आपला माणूस.

गावोगावच्या नगरपालिकांना ही मंडळी आवडली. प्रवासी थांबले की गावात चार पैसे खर्च करतील, असा सरळ हिशोब. म्हणून शेकडो गावांनी फुकट कॅम्प उघडले, पाणी, शौचालय, चुली, सगळी सोय.

पण गाडी स्वस्त झाली तसे फक्त हौशी लोकच नाहीत, तर कामाच्या शोधात फिरणारी गरीब कुटुंबंही त्याच कॅम्पमध्ये येऊन राहू लागली. आणि सूर बदलला. अनेक गावांनी फी लावली, रोजचे ५० सेंट वगैरे. मुक्कामाच्या दिवसांवर मर्यादा घातली. उत्पन्न हा मुद्दा होताच, पण 'नको असलेले' लोक बाहेर राहावेत हाही उद्देश होता, आणि तो फारसा लपवलेला नव्हता.

मग आलं १९३० चं दशक. आधी महामंदी, त्यात दुष्काळ आणि धुळीची वादळं, ज्याला डस्ट बाउल म्हणतात. ओक्लाहोमा आणि आसपासच्या राज्यांतली लाखो माणसं घरदार सोडून निघाली. गाद्या, भांडी, पोरंबाळं, सगळं एका जुन्या गाडीत कोंबून रूट ६६ ने कॅलिफोर्नियाकडे. तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर हीसुद्धा 'लाँग फॅमिली रोड ट्रिप'च की!

त्यांचं स्वागत कसं झालं? फेब्रुवारी १९३६ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसप्रमुखांनी शंभराहून जास्त पोलिस थेट राज्याच्या सीमेवर पाठवले. शहराचे पोलिस, शेकडो किलोमीटर लांबच्या सीमेवर! ज्यांच्याकडे पैसे नाहीत, काम नाही, त्यांना परत पाठवायचं. इतिहासात याला 'बम ब्लॉकेड' म्हणतात, म्हणजे फुकट्यांची नाकाबंदी. कॉन्क्लिन कुटुंब ज्या कॅलिफोर्नियात कौतुकात पोहोचलं, त्याच कॅलिफोर्नियाची सीमा २१ वर्षांनी अशी अडवली गेली.

एवढंच नाही. गरीब माणसाला राज्यात आणणं हा तिथे कायद्याने गुन्हा होता. फ्रेड एडवर्ड्स नावाचा एक माणूस टेक्सासला गेला आणि आपल्या मेहुण्याला, म्हणजे बायकोच्या भावाला, गाडीत बसवून कॅलिफोर्नियाला घेऊन आला. मेहुण्याकडे काम नव्हतं, पैसे नव्हते. एडवर्ड्सला त्यासाठी दोषी ठरवलं गेलं! नातेवाइकाला घरी आणल्याबद्दल! प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९४१ मध्ये कोर्टाने तो कायदा रद्द केला. 'हवं तेव्हा गाडी काढायची आणि हव्या त्या राज्यात जायचं' हे अमेरिकन स्वप्न आपण सिनेमात बघतो ना, ते गरिबाला असं कोर्टात भांडून मिळवावं लागलं.

आणि काळ्या अमेरिकनांचं काय? त्यांच्यासाठी प्रश्न फक्त पैशांचा नव्हता. पैसे असूनही हॉटेलात खोली मिळत नव्हती, कित्येक ठिकाणी पेट्रोल पंपावरचं शौचालयसुद्धा वापरू देत नसत. काही गावांत तर सूर्य मावळल्यावर थांबणं धोक्याचं होतं. म्हणून न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात राहणाऱ्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या पोस्टमनने १९३६ मध्ये 'ग्रीन बुक' काढायला सुरुवात केली. कुठे खोली मिळेल, कुठे जेवण मिळेल, याची यादी. ही पुस्तिका तीसेक वर्षं निघत होती. गोऱ्या कुटुंबाने डबा सोबत घेतला तर ती पिकनिक. काळ्या कुटुंबाने घेतला, तर वाटेत कुणी जेवू घालणार नाही म्हणून.

आता येऊ मोटरहोमच्या सुवर्णकाळाकडे. १९५६ मध्ये अमेरिकेने महामार्गांचा प्रचंड मोठा कायदा केला. सुमारे ६६ हजार किलोमीटरचं जाळं विणायचं ठरलं. याच सुमारास, १९५८ मध्ये, मिशिगनच्या रे फ्रँक नावाच्या गृहस्थाने आपल्या कुटुंबाच्या सुट्टीसाठी घरीच एक गाडी बनवली. लोक बघायचे, विचारायचे, मलाही बनवून द्या. त्यातून त्याचा धंदाच सुरू झाला. 'मोटर होम' हे नाव रूढ होण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

आणि १९६६ मध्ये आयोवा राज्यातल्या फॉरेस्ट सिटी या छोट्या गावातून विनेबागो कंपनीची मोटरहोम असेंब्ली लाइनवरून बाहेर पडली. बहुतेक भाग स्वतःच्याच कारखान्यात बनवायचे आणि एकामागून एक गाड्या काढायच्या. त्यामुळे किंमत इतर कंपन्यांच्या जवळपास निम्मी. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्यात आलेलं खरंखुरं चाकांवरचं घर. हे नाव इतकं रुळलं की कित्येक वर्षं अमेरिकेत कुठल्याही मोटरहोमला लोक सरसकट 'विनेबागो' म्हणायचे, जसं आपण कुठल्याही फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो.

पण विनेबागो हे नाव आलं कुठून? फॉरेस्ट सिटी ज्या काउंटीत आहे, तिचं नाव विनेबागो. आणि काउंटीला नाव मिळालं ते इथल्या एका मूलनिवासी जमातीवरून. ते स्वतःला हो-चंक म्हणतात. त्यांना सरकारने विस्कॉन्सिनमधून काढून आयोवात नेलं, आयोवातून मिनेसोटात, तिथून साउथ डकोटात, आणि शेवटी १८६५ मध्ये त्यांना नेब्रास्कात जागा मिळाली. पंचवीस वर्षांत चार राज्यं. सगळा संसार पाठीवर, आणि मर्जी कुणाचीच विचारलेली नाही.

पहिली प्रसिद्ध मोटरहोम 'जिप्सी', सगळ्यात लोकप्रिय मोटरहोम 'विनेबागो'. नावं ठेवणाऱ्यांच्या मनात काही वाईट होतं असं मला म्हणायचं नाही. पण ज्यांना फिरावं लागलं त्यांची नावं, ज्यांना फिरावंसं वाटलं त्यांच्या गाड्यांवर गेली, हे मला वाचताना फार टोचलं.

आणि हे सगळं जुनं झालं असं समजू नका. २००८ च्या मंदीत घर आणि बचत गमावलेले कित्येक वयस्कर अमेरिकन व्हॅनमध्ये राहायला लागले. हंगामाप्रमाणे काम: कधी गोदामात, कधी बीटच्या शेतात, कधी कॅम्पग्राउंडवर. जेसिका ब्रूडर या पत्रकाराने त्यांच्यावर २०१७ मध्ये 'नोमॅडलँड' हे पुस्तक लिहिलं. त्यावरच्या सिनेमाला २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. आता गंमत बघा. इन्स्टावर 'व्हॅनलाइफ' शोधलं की समुद्र, कॉफीचा मग आणि उघडं मागचं दार दिसतं. त्याच देशात, तशाच व्हॅनमध्ये सत्तरीची एखादी आजी रात्री कुणी काच वाजवून 'इथून निघा' म्हणेल म्हणून दबकून झोपलेली असते.

आता आपल्याकडेही कॅरव्हॅन येतायत. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. भाड्याने गाडी घेऊन आईबाबा, आजी, पोरं असं सगळ्यांनी कोकणात जावं, मजा करावी. मलाही एकदा करायचंय, खोटं कशाला बोलू! फक्त दसरा-दिवाळीच्या सुमारास त्याच रस्त्यावर आणखी एक वाहन भेटेल. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोंबड्या, म्हातारी माणसं आणि शाळा सुटलेली पोरं. बीडकडून ऊसतोडीला निघालेलं कुटुंब. त्यांचाही मुक्काम आज कुठेतरी पडणारच आहे.

तुमच्या घरात कधी असं अख्खं बिऱ्हाड घेऊन निघण्याची वेळ आली होती का? हौसेने किंवा नाइलाजाने? आजीआजोबांना विचारा आणि आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये त्यातल्या काही ऐकवतो. भेटू!