क्षीण प्रकाशाचे सामर्थ्य

दोन माणसांनी समोरासमोर उभे राहून एकमेकांवर विजेऱ्या रोखल्या, तर दोन्ही झोत परस्परांतून निमूटपणे निघून जातात. एकाने दुसऱ्यास अडविले असे कधी घडत नाही. प्रकाशाच्या या अलिप्तपणास तडा कसा गेला, आणि तोही अखेरीस बळाने नव्हे तर युक्तीने, ही हकीकत आज आम्हांस सांगावयाची आहे.

पहिला तडा मात्र बळानेच गेला. १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाचा लेसर सिद्ध केला. पुढल्याच वर्षी मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन व त्यांचे सहकारी यांनी त्याचा प्रखर तांबडा झोत क्वार्ट्झच्या स्फटिकावर रोखला. ६९४ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश आत गेला. बाहेर येताना त्याच्या सोबतीस बरोबर निम्म्या तरंगलांबीचा अदृश्य जंबुपार प्रकाशही आला. छायाचित्राच्या काचेवर त्याचा बारीक ठिपका उमटला. निबंध छापताना तो डाग समजून पुसला गेला, आणि चित्रात त्याच्याकडे बोट दाखविणारा बाण तेवढा उरला! प्रकाश अतिप्रखर झाला म्हणजे पदार्थाचा प्रतिसाद त्याच्या प्रमाणात राहत नाही. म्हणून या शास्त्रास अरेषीय प्रकाशिकी म्हणतात.

हेच क्षीण प्रकाशाने का साधू नये? अडचण अशी की, अणूच्या स्वाभाविक कंपनसंख्येशी जुळणारा प्रकाश घ्यावा तर परिणाम मोठा होतो, पण अणू तो प्रकाशच गिळून टाकतात. न जुळणारा घ्यावा तर तो सुखरूप पार होतो, पण परिणाम नाममात्र. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशातली ही गत!

तोड निघाली ती स्टॅनफर्ड येथे. १९९१ साली स्टीफन हॅरिस व त्यांचे सहकारी यांनी स्ट्राँशियमच्या वाफेवर दुसरा एक झोत सोडला. त्यामुळे प्रकाश गिळण्याचे दोन मार्ग परस्परांस छेद देऊ लागले, आणि अपारदर्शक वाफ पारदर्शक झाली.

परंतु उष्ण वाफेत अणू सैरावैरा धावतात; ही नाजूक जुळणी तेथे लवकर विस्कटते. लेसरच्याच साहाय्याने अणू थंड करण्याची विद्या १९८५ पासून हाती येत होती. १९९९ साली डॅनिश विदुषी लेने हाउ यांनी हॅरिस व अन्य सहकाऱ्यांसह, मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे, निरपेक्ष शून्याजवळ नेलेल्या सोडियमच्या अणूंतून प्रकाशाचा स्पंद पाठविला. त्याचा वेग उतरला सेकंदास १७ मीटरवर, म्हणजे मूळच्या सुमारे पावणेदोन कोटी पटींनी कमी, आपल्या एस.टी.च्या गाडीइतका म्हणा ना! प्रकाश अणूंच्या सहवासात रेंगाळला, आणि मोठी अरेषीयता प्रत्ययास आली.

२०१२ साली हार्वर्ड व एम. आय. टी. येथील शास्त्रज्ञांनी शेवटची पायरी गाठली. थंड रुबिडियममध्ये त्यांनी अणूचा बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रापासून फार दूर नेला. असा फुगलेला अणू आसपासच्या अणूंची जुळणी बिघडवितो. म्हणून प्रकाशाचा एक कण पार जातो. दोन बरोबर आले तर वाट बंद होते. एका कणाने दुसऱ्यास अडविले!

प्रकाशाने प्रकाश अडविणारी कळ रोजच्या वापरात येण्यास अद्याप अवकाश आहे. पण १९६१ साली ज्या विद्येचा पहिला पुरावा डाग म्हणून पुसला गेला, ती आज एकेका कणाचा हिशेब ठेवते. क्षीण म्हणून जे आपण झटकून टाकतो, ते पुन्हा एकदा निरखून पाहावे, एवढे तरी या इतिहासातून आपण घरी न्यावे.