विजेच्या आलिशान मोटारीची खिडकी फुटली तर...

सोमेश्वरनगर : दिवाळीच्या सुमारास गळीत हंगामाला प्रारंभ झाला, की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील रस्त्यांचे रूप पालटते. श्री सोमेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या दिशेने उसाने भरलेल्या ट्रॉल्या, ट्रक आणि बैलगाड्या यांची रीघ लागते. अरुंद रस्त्यावर अशा ट्रॉलीला ओलांडून जाताना तिच्या अंगाबाहेर आलेली उसाची टिपरी किंवा चाकाखालून उडालेला खडा मोटारीच्या बाजूच्या काचेवर आदळण्याचा धोका असतो. साध्या मोटारीची काच फुटली, तर ती बहुधा तालुक्याच्या गावी बसवून मिळते. मोटार विजेवर चालणारी आणि आलिशान वर्गातील असेल, तर मात्र हेच काम अधिक गुंतागुंतीचे होते.

आलिशान विजेच्या मोटारी आता केवळ महानगरांपुरत्या मर्यादित राहिलेल्या नाहीत. मर्सिडीज-बेन्झची 'ईक्यूसी' ऑक्टोबर २०२० मध्ये भारतात आली. त्यानंतर २०२१ मध्ये जग्वारची 'आय-पेस', ऑडीची 'ई-ट्रॉन' आणि बीएमडब्ल्यूची 'आयएक्स' दाखल झाल्या. मर्सिडीजच्या 'ईक्यूएस' या मोटारीची जुळणी २०२२ पासून पुणे जिल्ह्यातील चाकण येथेच होऊ लागली. टेस्लाने जुलै २०२५ मध्ये मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात आपले पहिले दालन उघडले. पुण्यात नोंदणी झालेल्या अशा मोटारी सुटीच्या दिवशी गावाकडे येतात, तेव्हा अधिकृत सेवा केंद्र नीरा, जेजुरी, सासवड आणि दिवे घाटापलीकडे, पुणे शहरात राहिलेले असते. म्हणूनच काच फुटल्यानंतरच्या पहिल्या तासात काय करावे आणि काय टाळावे, हे ठाऊक असणे गरजेचे ठरते.

काचेचे दोन प्रकार

मोटारीत प्रामुख्याने दोन प्रकारची सुरक्षा काच वापरली जाते. पहिली टफन्ड काच. ही काच सहाशे अंश सेल्सिअसहून अधिक तापवून थंड हवेच्या झोताने झटकन निववली जाते. त्यामुळे पृष्ठभागावर दाब आणि गाभ्यात ताण निर्माण होतो. आघात झाल्यास ती अणकुचीदार सुरे न होता लहान, बोथट तुकड्यांच्या रूपात विखुरते. दुसरी लॅमिनेटेड काच. यात काचेच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये पॉलिव्हिनाइल ब्यूटिरल या प्लॅस्टिकचा पारदर्शक थर असतो. ही काच तडकते, परंतु तुकडे त्या थराला चिकटून राहतात. फ्रेंच रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेदिक्तस यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी या कल्पनेचा पाया घातला आणि १९०९ मध्ये तिचे पेटंट घेतले.

समोरची काच लॅमिनेटेड आणि बाजूच्या काचा टफन्ड, हे समीकरण अनेक वर्षे रूढ होते. आलिशान मोटारींनी ते बदलले. विजेच्या मोटारीत इंजिनाचा आवाज नसल्यामुळे वाऱ्याचा आणि टायरचा आवाज अधिक जाणवतो. तो रोखण्यासाठी अनेक उत्पादक दारांनाही ध्वनिरोधक लॅमिनेटेड काच बसवतात. काही मोटारींत ही काच केवळ पुढील दारांना असते, तर काहींत चारही दारांना. एकाच मोटारीच्या पुढील आणि मागील दारांच्या काचा भिन्न प्रकारच्या असू शकतात. शिवाय एकाच मॉडेलच्या निरनिराळ्या वर्षांतील गाड्यांतही फरक पडतो. त्यामुळे मॉडेलचे नाव सांगून काच मागवणे पुरेसे नाही. नोंदणी प्रमाणपत्रावरील चासी क्रमांक देऊनच काचेचा भाग क्रमांक निश्चित करावा लागतो.

आपल्या मोटारीत कोणती काच आहे, हे घरच्या घरी पाहता येते. खिडकी अर्धी खाली करून काचेची वरची कड न्याहाळावी. दोन पत्रे आणि त्यांमधील बारीक रेघ दिसली, तर ती लॅमिनेटेड होय. कड एकसंध असेल, तर ती टफन्ड समजावी. काचेच्या कोपऱ्यावरील छापातही प्रकार, उत्पादक आणि मानक यांचा उल्लेख असतो. हा छाप सर्व खिडक्यांवर वाचून त्याचे छायाचित्र आधीच काढून ठेवावे. काच फुटल्यानंतर तो छाप शिल्लक राहीलच, याची शाश्वती नसते.

स्थानिक काचवाला का चालत नाही?

घराच्या खिडकीची काच मापाने कापून मिळते, मग मोटारीची का नाही, असा प्रश्न साहजिक आहे. टफन्ड काच एकदा तयार झाली, की ती कापता वा भोके पाडता येत नाही. तसा प्रयत्न केल्यास संपूर्ण काच विखुरते. तिचा आकार, वक्रता आणि छिद्रे भट्टीत जाण्यापूर्वीच ठरलेली असतात. साध्या काचेचा तुकडा बसवणे तर थेट जिवाशी खेळ होय. अपघातात त्याचे लांब, धारदार तुकडे होतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० नुसार मोटारीच्या सर्व काचा सुरक्षा काचा असणे बंधनकारक आहे. त्यासाठीचे भारतीय मानक 'आयएस २५५३ (भाग २)' हे आहे.

रंगीत काचेबाबतही हाच नियम लागू होतो. समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश पार होणे आवश्यक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी काचांवर काळी फिल्म चिकटवण्यास मनाई केली होती. पुढे नियमात 'सेफ्टी ग्लेझिंग'ला स्थान मिळाले, तरी पारदर्शकतेच्या या मर्यादा कायम आहेत.

मोटारींच्या काचांचे उत्पादन मात्र दूरच्या देशातच होते असे नाही. सेंट-गोबेन सेक्युरिट कंपनीचे कारखाने पुणे जिल्ह्यातच, भोसरी आणि चाकण येथे आहेत. तथापि, पूर्णपणे आयात होणाऱ्या मोटारीची विशिष्ट काच येथे तयार होत असेलच असे नाही. ती परदेशातून मागवावी लागल्यास प्रतीक्षा लांबते. काच उपलब्ध आहे किंवा कसे, याची खात्री दूरध्वनीवरून करून घेतल्याशिवाय मोटार पुण्याला नेण्यात अर्थ नसतो.

पहिल्या तासातील दक्षता

काच फुटताच मोटार रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी उभी करावी. सर्वप्रथम प्रवाशांच्या, विशेषतः लहान मुलांच्या, अंगावरील काचकण झटकून न काढता हलकेच टिपावेत. त्या खिडकीचे बटण मुळीच दाबू नये. दाराच्या पोकळीत पडलेले तुकडे काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेत अडकून तिचेही नुकसान होते.

येथे एक अडचण ध्यानात घ्यावी. टेस्लाची 'मॉडेल वाय', बीएमडब्ल्यूची 'आयएक्स', पोर्शेची 'टायकान' अशा अनेक मोटारींच्या दारांना काचेभोवती चौकट नसते. दार उघडताना काच आपोआप किंचित खाली सरकते आणि दार लावल्यावर पुन्हा वर जाते. म्हणजेच बटणाला हात न लावताही, केवळ दार उघडल्याने यंत्रणा फिरू शकते. म्हणून काच फुटलेले दार शक्यतो बंदच ठेवून दुसऱ्या बाजूने उतरावे.

छायाचित्रे आतून आणि बाहेरून काढावीत. चोरीच्या उद्देशाने काच फोडली असल्यास पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. त्यानंतरच सफाई करावी. उघड्या खिडकीवर जाड, पारदर्शक प्लॅस्टिक ताणून लावावे. चिकटपट्टी रबरी पट्ट्यांवर न लावता रंगकामासाठी वापरली जाणारी कागदी पट्टी पत्र्यावर लावावी. वेगाने जाताना वाऱ्याच्या दाबाने असे आच्छादन सुटते आणि चालकाची बाजूची दृष्टीही अडते. त्यामुळे ही व्यवस्था मोटार उभी ठेवण्यापुरतीच समजावी. लांबचा पल्ला गाठायचा असल्यास सपाट पाठीच्या वाहनावरून मोटार नेणे श्रेयस्कर.

विजेची मोटार असल्याने काच फुटल्यावर विजेचा धक्का बसेल, ही भीती अनाठायी आहे. मोटार चालवणाऱ्या उच्च दाबाच्या विजेच्या केबल नारिंगी आवरणाच्या असतात आणि त्या दारातून जात नाहीत. खिडकीची यंत्रणा कमी दाबाच्या, बहुधा १२ व्होल्टच्या, विजेवर चालते. मात्र पावसाचे पाणी आत गेले, तर दारातील आणि आसनाखालील जोडण्या बिघडू शकतात. त्यामुळे मोटार छताखाली उभी करणे आवश्यक आहे.

काच कशी बदलली जाते?

सेवा केंद्रात प्रथम दाराचे आतील आवरण काढले जाते. त्यामागील पाणीरोधक पडदा सोडवून पोकळीतील तुकडे यंत्राने शोषून घेतले जातात. दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी लहान छिद्रे असतात. ती मोकळी आहेत का, हे पाहावे लागते. छिद्रे बुजली, तर पावसाळ्यात दारात पाणी साचते. राहिलेले तुकडे पुढे अनेक महिने खुळखुळत राहतात आणि नव्या काचेवर ओरखडे पाडतात.

अनेक मोटारींच्या दारात बाजूच्या धडकेची नोंद घेणारा संवेदक असतो. त्याची जोडणी सुटलेली असताना मोटार सुरू केल्यास एअरबॅगचा इशारा दिवा लागू शकतो. म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या क्रमानेच वीजपुरवठा बंद करून काम केले जाते. नवी काच पकडीत बसवून उत्पादकाने ठरवलेल्या जोरानेच बोल्ट आवळले जातात. त्यानंतरचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा असतो. काचेची वरची आणि खालची मर्यादा मोटारीच्या संगणकाला नव्याने 'शिकवावी' लागते. हे न केल्यास काच पूर्ण वर जात नाही, मध्येच परत फिरते किंवा बोट अडकल्यास थांबण्याची सोय नीट चालत नाही. चौकट नसलेल्या दारात काचेचा कल किंचित जरी चुकला, तरी वाऱ्याचा शीळ घातल्यासारखा आवाज येतो आणि पाणी झिरपते.

मागील बाजूची छोटी, न उघडणारी काच बहुधा पॉलियुरेथेन गोंदाने चिकटवलेली असते. तो सुकण्यासाठी उत्पादकाने सांगितलेला वेळ द्यावाच लागतो. मोटार ताब्यात घेताना काच चार-पाच वेळा वर-खाली करून पाहावी, पाण्याचा फवारा मारून घ्यावा आणि नव्या काचेचा छाप जुन्याशी ताडून पाहावा. समोरच्या काचेमागील कॅमेऱ्याचे समायोजन हे समोरची काच बदलल्यावर करावे लागते. दाराच्या काचेच्या देयकात ते लावलेले असेल, तर त्याचे कारण विचारावे.

विम्याचा हिशेब

स्वतःच्या वाहनाचे नुकसान भरून देणारा विमा असल्यास काचेची भरपाई मिळते. काचेच्या भागांवर घसारा आकारला जात नाही. रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर मात्र ५० टक्के घसारा धरला जातो. 'शून्य घसारा' पर्याय घेतला नसेल, तर रबरी पट्ट्या आणि आवरण यांचा काही भार मालकावर पडतो. अनिवार्य वजावटही सोसावी लागते.

खरा प्रश्न 'नो क्लेम बोनस'चा असतो. दावा न करणाऱ्यास पुढील हप्त्यात अनुक्रमे २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के सवलत मिळते. ५० टक्क्यांवर पोचलेल्या व्यक्तीने दावा केला, की सवलत शून्यावर येते आणि पुन्हा पायरी-पायरीने वर जावे लागते. हप्ता स्थिर राहील असे धरल्यास, या काळात गमावलेल्या सवलतींची बेरीज एका वर्षाच्या स्वनुकसान हप्त्याच्या सव्वापट होते. समजा हा हप्ता ६० हजार रुपये असेल, तर दाव्याची खरी किंमत ७५ हजार रुपये ठरते. काचेचा खर्च यापेक्षा कमी असेल, तर दावा न करणेच फायद्याचे. बोनस सुरक्षित ठेवणारा पर्याय घेतला असल्यास हा हिशेब बदलतो.

काच आणि सुटकेची वाट

काचेचा प्रकार हा केवळ खर्चाचा वा शांततेचा विषय नाही. लॅमिनेटेड काच अपघातात प्रवासी बाहेर फेकला जाण्याचा धोका कमी करते आणि चोरालाही सहजासहजी दाद देत नाही. परंतु तिची दुसरी बाजूही आहे. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ मध्ये खिडकी फोडण्याच्या सहा साधनांची चाचणी घेतली. त्यांपैकी चार साधनांनी टफन्ड काच फोडली, मात्र लॅमिनेटेड काच फोडून वाट करणे एकालाही जमले नाही. बाजारात मिळणारी छोटी हातोडी जवळ आहे, म्हणून निश्चिंत राहता येत नाही, हा त्याचा अर्थ.

सोमेश्वरनगर परिसरात ही बाब विशेष गांभीर्याने घ्यावी लागेल. नीरा डावा कालवा याच पट्ट्यातून वाहतो आणि ठिकठिकाणी रस्ता त्याच्या कडेने जातो. मोटार पाण्यात गेली आणि वीजपुरवठा खंडित झाला, तर विजेवर चालणाऱ्या खिडक्या आणि दारांची बटणे निकामी होऊ शकतात. अशा वेळी कोणत्या दाराची काच टफन्ड आहे आणि दार हाताने उघडण्याची कळ कोठे आहे, हे चालकाबरोबरच मागे बसणाऱ्यांनाही ठाऊक हवे. काही मोटारींत मागील दाराची ही कळ सहज न दिसणाऱ्या जागी असते. वाहनासोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत ती दाखवलेली असते.

म्हणूनच काच बदलताना मूळ प्रकाराचीच काच बसवून घेणे आवश्यक आहे. टफन्डच्या जागी लॅमिनेटेड बसली, तर सुटकेची एक वाट नकळत बंद होते. लॅमिनेटेडच्या जागी टफन्ड बसली, तर आवाज वाढतोच, शिवाय अपघातातील संरक्षणही घटते. दोन्ही काचा दुरून सारख्याच दिसतात. त्यामुळे सेवा केंद्रातून मोटार बाहेर काढण्यापूर्वी काचेची कड आणि कोपऱ्यातील छाप तपासण्यासाठी दिलेली दोन मिनिटे वाया जाणार नाहीत.