पानाबरोबर आलेली अक्षरे

३० जून २००९ रोजी फायरफॉक्सची ३.५ ही आवृत्ती आली. बोलबाला झाला तो व्हिडिओचा, कारण फ्लॅश न बसवताही ब्राउझरमध्ये चित्रफीत दिसू लागली. मला मात्र त्याच आवृत्तीतली दुसरी सोय जास्त मोलाची वाटते. पानाबरोबर फाँटही आपोआप उतरू लागला.

कल्पना जुनीच. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि नेटस्केप या दोघांनीही ती आणली होती, पण एकाचा फाँट दुसऱ्याला चालत नसे. १९९८ च्या सीएसएस २ मध्ये त्यासाठी नियम केला आणि पुढे सीएसएस २.१ मधून तो चक्क काढून टाकला! सफारीने मार्च २००८ मध्ये तो पुन्हा उचलला, पण आमच्या ओळखीत सफारी वापरणारे कोणी नव्हते.

मराठी वाचकाला याचे काय? तर त्या काळात वृत्तपत्रांची संकेतस्थळे आपापले वेगळे फाँट वापरत. तो फाँट आपल्या संगणकावर नसला की अग्रलेखाच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी. युनिकोडने ती मिटवली खरी. पण युनिकोड अक्षराला क्रमांक देते, वळण देत नाही. वळण संगणकातल्या फाँटचे, आणि विंडोजवर तो बहुधा ‘मंगल’. त्यातले ल आणि श हिंदी वळणाचे. आम्ही मास्तरांनी जन्मभर फळ्यावर पाकळीचा ल आणि देठाचा श गिरवून घेतला, आणि नातवंडांना पडद्यावर दिसतो तो भलताच. (याला क्षुल्लक म्हणणाऱ्यांनी कधी पहिलीचा वर्ग घेऊन पाहावा.) योगायोग असा की मराठी वर्णमालेसंबंधीचा महाराष्ट्र शासनाचा निर्णयही २००९ चाच, ६ नोव्हेंबरचा. त्यात हेच ल आणि श प्रमाण ठरले.

असो. देवनागरीत जोडाक्षरे फार, त्यामुळे फाँटची फाइल जड. जानेवारी २०१० च्या फायरफॉक्स ३.६ मध्ये ‘वॉफ’ हा दाबून लहान केलेला प्रकार आला, २०११ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोररनेही तो घेतला, आणि १९९७ चे भांडण मिटले.

आज ‘तिरो देवनागरी मराठी’ हा मराठी वळणाचा फाँट कोणालाही आपल्या पानासोबत फुकट पाठवता येतो. तरी कित्येक मराठी पानांवर ल अजून हिंदी वळणाचाच दिसतो, आणि त्यात आता ब्राउझरचा काही दोष नाही.